जावईबापूंचं नाक आणि शिंपीणबाईंचा बटण

माझ्या तोंडात आता चारच दात उरलेत. त्या चारही दातांची शपथ घेऊन सांगते, पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर हे दात इथल्या इथं, या बशीत, टपाटपा पडोत. कुणी म्हणेल, आजी, चार दातांची ती काय शपथ! अरे बाळा, बत्तीस असतात त्याला चारांची किंमत कळत नाही. पावाचा कडक कोपरा मी कशानं मोडते, ते येऊन बघ एकदा.

तर आमचे जावईबापू. लेकीनं लग्नाचं ठरवलं तेव्हा मी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"चाखतो," ती म्हणाली.

"ते आपण सगळेच करतो गं. कामाचं विचारतेय मी."

"तेच काम आहे, आई. तो बिअर चाखतो. कुठली बिअर कुणाला आवडेल, कुठल्या जेवणाबरोबर कुठली द्यायची, हे तो सांगतो. त्याचा पगार मिळतो त्याला."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच होतं ते. आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून एक बिअरघर आहे. मागच्या खोलीत माणसाहून उंच स्टीलच्या टाक्या, तिथं बिअर बनते. पुढच्या खोलीत लाकडी टेबलं, तिथं लोक पितात आणि खातात. मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसतात. आमचे जावईबापू आधी तिथं बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचे. मग एक दिवस मालकीणबाईंच्या लक्षात आलं की याला बूच उघडल्याबरोबर सांगता येतं, ही टाकी वेळेआधी उतरवली का नंतर. झालं! चिठ्ठ्या सुटल्या आणि नाकाला नोकरी लागली.

माणूस वाईट नाही हो. पण नाकाला नोकरी लागल्यापासून ते नाक जरा वरच राहायला लागलं. मी त्यांच्याकडेच राहते, म्हणजे रोजचं जेवण एकत्र. मी सूप वाढलं की हे चमचा उचलणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "आई, यात मीठ पुढे आलंय आणि गाजर मागे राहिलंय."

"मग ढकला त्याला पुढे," मी म्हणायची. "चमचा तुमच्याच हातात आहे."

लेक टेबलाखालून मला पाय मारायची.

एकदा मोठ्या मनानं त्यांनी मलाही थोडी बिअर दिली. आधी शिकवणी. ग्लास तिरका धरून ओतायचं, मग हळूच सरळ करायचा. वर दोन बोटं फेस हवा. फार गार नको, गारठ्यानं जीभ बधिर होते. ग्लास तळाशी धरायचा, मुठीत नाही, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. आधी हुंगायचं, मग घोट. एवढं सगळं होईपर्यंत माझी तहान मेली होती. तरी एक घोट घेतला आणि म्हटलं, "छान आहे."

जावईबापूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बिअरमध्ये पाय धुतलेत.

"आई," ते म्हणाले, "छान ही चव नसते."

त्या दिवसापासून त्या घरात चवीबद्दल बोलायचा माझा हक्क संपला. मीही ठरवलं, बरं बाबा, नसते तर नसते.

आता ऐका ती शिंक. एका सकाळी हे खिडकीशी उभे राहून नवी बिअर तपासत होते. हॉप्स म्हणून कडू फुलं असतात, ती या बिअरमध्ये मूठ मोकळी सोडून घातलेली. वास नीट कळावा म्हणून जावईबापूंनी नाक ग्लासात घातलं ते थेट फेसाच्या खाली. फेस वर चढला, आणि आली शिंक. अशी शिंक मी जन्मात ऐकली नाही. पडदे छताला चिकटले. लेकीचा अंबाडा सुटला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून आमच्या घरात पुढचा महिना लागला. आणि ती शिंक गेली खिडकीबाहेर, खाली.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा कुत्रा उन्हं खात बसला होता. नाव बटण. कोटाच्या बटणाएवढा नसला तरी दोन हातांत मावेल एवढाच.

शिंक ओसरली. जावईबापूंनी रुमालानं नाक पुसलं, ग्लास परत हुंगला आणि थबकले. मग कॉफीचा डबा हुंगला. मग चिरलेला कांदा. मग स्वतःचा मोजा. चेहरा पांढराफटक पडला.

"काहीच येत नाहीये," ते म्हणाले. "वासच येत नाहीये."

डॉक्टरांनी टॉर्च लावून आत बघितलं आणि म्हणाले, "येईल परत. कधी येईल ते नाही सांगता येत."

आणि शनिवार तोंडावर आलेला! त्या शनिवारी बिअरघरात मोठी मंडळी येणार होती. या गावात चवीच्या जाणकारांचं एक मंडळ आहे. सगळे पोट भरलेले लोक, त्यामुळे त्यांना चवीवर बोलायला भरपूर वेळ. अध्यक्ष कडूकाका. खरं नाव कुणालाच आठवत नाही. ते फक्त कडूजहर बिअर पितात आणि गोड पिणाऱ्याकडे दयेनं बघतात, म्हणून कडूकाका. हे मंडळ खूश झालं तर दर शनिवारी तिथंच बसणार. आणि मालकीणबाईंनी जावईबापूंना स्पष्ट सांगितलं होतं, "जेवणाच्या प्रत्येक ताटलीबरोबर कुठली बिअर, ते तुम्ही ठरवायचं आणि तिथं उभं राहून समजावून सांगायचं. ते खूश, तर तुम्ही मुख्य चाखणारे. नाखूश, तर सोमवारपासून परत बाटल्या आणि डिंक."

शिंकेच्या दुसऱ्या रात्री लेक माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"आई, त्याला परत डिंकाकडे नको गं पाठवू."

"मी कोण पाठवणारी?"

"तू काहीतरी कर. तुझी जीभ अजून शाबूत आहे. तू त्याचं नाक हो."

"मला फक्त छान म्हणता येतं," मी म्हटलं. "आणि ती चव नसते."

ती रडायलाच लागली. आता आईपुढे लेक रडली की आईचा हट्ट किती वेळ टिकणार? पण मी काही बोलायच्या आतच दारावर थाप पडली. शिंपीणबाई. काखेत बटण, गळ्यात अजून माप घ्यायची टेप.

"आजी, तुमच्या जावयानं माझ्या कुत्र्याला काय केलंय?"

"का हो? चावला का?"

"चावला असता तर समजलं असतं! काल सकाळी वरून शिंक पडली याच्या अंगावर. तेव्हापासून हा पाणी पीत नाही सरळ. आधी पंजानं वाटी हलवतो, पाणी गोल फिरतं, मग हुंगतो, मग एक घोट घेतो आणि छताकडे बघत बसतो. पूर्वी रस्त्यावरचा प्रत्येक खांब याला चालायचा. आज सगळी गल्ली हुंगून आला, एकही पसंत नाही! तसाच घरी आला आणि गालिच्यावर..."

जावईबापू दारात येऊन उभे राहिले होते. बटणनं त्यांच्याकडे बघितलं, नाक वर केलं आणि डोळे मिटले. अगदी तस्सं! लेकीनं, पदर नव्हता म्हणून, तोंडाला उशी लावली.

कुणाला काही सांगावंच लागलं नाही. शिंकेबरोबर नाक उडालं होतं आणि ते कुठं जाऊन बसलंय ते समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तालीम. जमिनीवर बिअरचे ग्लास, बाजूला ताटल्या. एक सांगून ठेवते, कुत्र्याला बिअर पाजायची नसते, त्याला ती बाधते. बटण फक्त हुंगत होता. सोनेरी हलकी बिअर आणि तळलेले खारे बटाटे जवळ ठेवले, तर शेपटी हलली. गव्हाची बिअर, तीच ती ढगाळ दिसणारी, जिच्यात संत्र्याची साल घालतात, ती भाजलेल्या माशाजवळ ठेवली, तर शेपटीनं जमीन झाडून निघाली. मग त्याच माशाजवळ मी मुद्दाम काळी बिअर सरकवली. बटण उठला, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"बरोबर आहे," जावईबापू म्हणाले. "काळ्या बिअरमध्ये करपवलेलं धान्य असतं. ते माशाला दाबून टाकतं. तिला केक हवा, चॉकलेटचा."

केक आणला. चॉकलेट कुत्र्याला विष, म्हणून ताटली मी उंच धरली. तेवढ्या अंतरावरूनही बटणला असा आनंद झाला की त्यानं कान मागे टाकले आणि एक सुस्कारा सोडला. आणि जिनं ती मोठी शिंक काढली होती, ती हॉप्सची कडू बिअर एकटीच जवळ ठेवली तर त्याला शिंक आली, पण चरबीचं भाजलेलं मटण आणल्यावर पटकन शांत झाला.

"म्हणजे कसं," मी म्हटलं, "कडक माणसाच्या शेजारी जाडजूड, मवाळ माणूस बसवायचा. मग दोघं बरे वागतात."

"आई, इतकं सोपं नसतं ते," जावईबापू म्हणाले. "आणि मी याला विचारत नाहीये हं. मी फक्त माझ्या मताची खात्री करून घेतोय."

"घ्या की. त्याची काही हरकत दिसत नाही."

शनिवारी मी ठेवणीतला कोट घातला आणि हातात शिंपीणबाईंची कापडं ठेवायची मोठी पिशवी घेतली. पिशवीत बटण. शिंपीणबाईंनी बजावलं होतं, "आजी, हा सुईच्या आवाजावर वाढलाय, गडबडीला घाबरत नाही. फक्त साबणाचं बघा. आंघोळीचा जाम राग आहे त्याला. साबण लांबून आला तरी शिंकांवर शिंका देतो." मी बरं म्हटलं आणि विसरून गेले. बिअरघरात कोण कुत्र्याला आंघोळ घालणार?

ठरलं होतं असं. मी जावईबापूंच्या शेजारी, पिशवी मांडीवर, टेबलाच्या आड. म्हाताऱ्या बाईचा हात थरथरतो, त्यामुळे ग्लास खाली मांडीपर्यंत गेला तर कुणी हटकत नाही. बटणची शेपटी माझ्या मांडीवर वाजली तर मी जावईबापूंचा बूट एकदा दाबायचा, म्हणजे छान. शिंक आली तर बूट जोरात दाबायचा, म्हणजे वाईट. पुढची भाषणं त्यांची. थोडक्यात, कुत्रा मला सांगणार, मी जावयाला सांगणार, जावई जाणकारांना सांगणार आणि जाणकार गावाला सांगणार.

मालकीणबाईंनी त्या दिवशी जिवाचं रान केलं होतं. टेबलांवर पांढरे कपडे, फुलं, आणि ग्लास तर असे लखलखत होते की त्यात मला माझे चारही दात दिसले.

"स्वतः घासलेत," त्या मला अभिमानानं म्हणाल्या. "नवा साबण आणला खास."

मंडळ आलं. कडूकाका पुढे, हातातली काठी टेकायला नव्हे, दाखवायला. त्यांच्या मागे दातांचे एक डॉक्टर, ते माझ्याकडे बघून जरा हळहळले. आणि मागे सात-आठ जण, कडूकाका मान हलवतील तेव्हा हलवायला.

पहिली आली सोनेरी बिअर आणि तळलेले बटाटे. कडूकाकांनी ग्लास उजेडाकडे धरला, हुंगला आणि छातीवर हात ठेवला.

"लिंबाची फुलं," ते म्हणाले. "अहाहा! डोंगरउतारावरची. सकाळची."

"सकाळचीच," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"दव पडलेली," आणखी कुणीतरी म्हणालं.

मी ग्लास मांडीपर्यंत नेला. पिशवीतून शिंक आली. मी लगेच रुमाल नाकाला लावला. "माझीच हो. वय झालं." आणि बूट जोरात दाबला.

जावईबापू चमकले. घरी याच बिअरला, याच बटाट्यांना शेपटी हलली होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "हं... पुढची येऊ द्या, मग एकदमच बोलू."

दुसरी आली गव्हाची, भाजलेल्या माशाबरोबर. कडूकाकांनी हुंगलं आणि डोळे मोठे केले. "परत लिंबाची फुलं! पण या वेळी उतार दुसऱ्या बाजूचा."

"दुसऱ्याच बाजूचा," मंडळ म्हणालं.

पिशवीतून दोन शिंका. मी दोनदा रुमाल धरला. जावईबापूंचा बूट मी इतका दाबला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीणबाई पाठीमागून आल्या आणि दातओठ खाऊन हळूच म्हणाल्या, "बोला काहीतरी! का सोमवारी डिंक भिजवून ठेवू?"

तिसरी आली काळी. डांबरासारखी काळी, चॉकलेटच्या केकबरोबर. आता हिच्यात तरी फुलं कुठून येणार? पण कडूकाकांनी नाक घातलं आणि उभेच राहिले.

"काळ्या बिअरमध्ये लिंबाची फुलं!" त्यांचा आवाज कापत होता. "सज्जनहो, ही करामत आहे. मी चाळीस वर्षं वाट बघत होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आणि इकडे माझ्या मांडीवर शिंकांची नुसती माळ लागली, पिशवी उड्या मारायला लागली. मी म्हटलं, कुत्रा बिघडला का काय! म्हणून मीच त्या काळ्या बिअरमध्ये नाक घातलं.

आणि हसूच आलं मला. अहो, तो वास मी रोज दिवसातून तीन वेळा घेते, कोपरापर्यंत हात बुडवून. डोंगर कसला नि उतार कसला! भांडी घासायचा लिंबाचा साबण. मालकीणबाईंनी ग्लास घासले जीव ओतून, आणि धुवायच्या वेळी मात्र पाण्याची काटकसर केली.

मी जावईबापूंकडे झुकले आणि ओठ न हलवता म्हटलं, "साबण आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता बघा या माणसाची अवस्था. स्वतःला कशाचाच वास येत नाही. समोर सगळं मंडळ एका तोंडानं फुलं म्हणतंय. मालकीण मागे डिंक घेऊन उभी. त्यांच्यासारखं लिंबाची फुलं म्हटलं की संध्याकाळ जिंकली, नोकरी पक्की. आणि दुसऱ्या बाजूला कोण? एक सासू, जिला फक्त छान म्हणता येतं, आणि पिशवीत एक कुत्रा.

मी बूट दाबला नाही. म्हटलं, ठरवू दे त्यालाच.

जावईबापूंनी एकदा माझ्याकडे, एकदा पिशवीकडे बघितलं. मग ग्लासाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचं नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले. ते उभे राहिले.

"ही लिंबाची फुलं नाहीत," ते म्हणाले. "हा साबण आहे."

अशी शांतता झाली की बटाट्यांवरचं मीठ विरघळताना ऐकू आलं.

"काय म्हणालात?" कडूकाकांनी काठी उचलली.

"भांड्यांचा साबण. ग्लासांना राहिलाय. बिअरचा दोष नाही. फेस बघा ना! तीन बिअर ओतल्या, एकीचाही फेस घडीभर टिकला नाही. साबणाचा नुसता हात लागला तरी फेस मरतो. फेस मेला की अर्धी बिअर मेली." मग हळू आवाजात, "नुसत्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन आणा सगळे. कोरडे पुसू नका, उपडे ठेवा."

मालकीणबाई लाल झाल्या, मग पांढऱ्या, पण ग्लास उचलून आत गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. मंडळातलं कुणी कुणाकडे बघेना. सगळे केककडे बघत होते.

ग्लास आले, तीच काळी बिअर परत ओतली, आणि काय सांगू तुम्हाला! मघाशी दबून राहिलेला सगळा फेस सूड उगवायला वर आला. दोन बोटं, चार बोटं, हातभर! कडूकाका वाकून बघत होते, त्यांचा चष्मा फेसानं नाकावरून अलगद उचलला आणि टोपीवर नेऊन ठेवला. आणि वास असा सुटला खरपूस, भाजलेला, की केक ताटलीत जागच्या जागी हलायला लागला. मांडीवर शेपटी अशी वाजत होती की दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "तबला कोण वाजवतंय?"

मी बूट एकदाच दाबला, हळू. जावईबापू बोलायला लागले. करपवलेलं धान्य, चॉकलेटचा कडवटपणा, दोघं एकमेकांना कसे ओळखतात. छान बोलले. म्हणजे, जी चव नसते तसं.

कडूकाकांनी टोपीवरून चष्मा काढला, घोट घेतला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मी मघापासून हेच म्हणणार होतो. मी परीक्षा बघत होतो तुमची."

"परीक्षाच होती ती," मंडळ म्हणालं.

"आता मला माझी बिअर द्या," कडूकाका म्हणाले. "माझ्या जिभेला शोभेल अशी. घरातली सगळ्यात कडू."

जावईबापू उठणार एवढ्यात पिशवीतून बटणचं नाक बाहेर आलं आणि कडूकाकांच्या बाहीला लागलं. शेपटी वाजली. मीही वाकले. बाहीला मधाच्या बिस्किटांचा वास येत होता, आणि खिशात त्यांचा चुरा. मी जावईबापूंच्या कानात सांगितलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत गेले आणि मातीच्या जाड मगातून, रंग दिसू नये म्हणून, गव्हाची बिअर घेऊन आले. संत्र्याच्या सालीची, मऊ, गोडसर. सोबत लोण्याचा केक.

कडूकाकांनी घोट घेतला. डोळे मिटले. चाळीस वर्षांत जी बिअर त्या माणसानं स्वतःला पिऊ दिली नव्हती, ती त्या मगात होती. त्यांनी मग रिकामा केला, दुसरा मागितला, तोही रिकामा केला. गालावरून एक थेंब ओघळला.

"कसली कडू आहे!" ते म्हणाले. "जीभ भाजून निघाली."

मंडळातल्या प्रत्येकानं तीच मागवली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, सगळ्यांनी डोळे पुसले. "फारच कडू," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि मगाचा तळ बोटानं पुसून चाटला.

झालं. दर शनिवारची टेबलं ठरली. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून हे आमचे मुख्य चाखणारे. लेकीला कळवायला आम्ही पायीच घरी निघालो. रस्त्यात बटणला मोकळं केलं. जावईबापू त्याच्याशी नाकाला नाक लावून काहीतरी बोलायला वाकले, आणि तो शिंकला. थेट त्यांच्या तोंडावर. ते तसेच उभे राहिले, मग एक लांब श्वास घेतला.

"आई," ते म्हणाले, "पिशवीला कुत्र्याचा वास येतोय."

आलं नाक परत! बटण तेवढ्यात रस्त्यावरच्या पहिल्याच खांबाकडे पळाला आणि काही विचार न करता पाय वर केला. तोही बरा झाला बिचारा.

मग दारात पोचल्यावर जावईबापू थांबले. मान खाली घातली आणि म्हणाले, "आई, आज तुम्ही होतात म्हणून मी वाचलो. मी तुमच्यावर अन्याय केला. छान ही सुद्धा चव असते." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." लेक दारात उभी राहून रडत होती.

थांबा. पुढचा दात हलायला लागलाय.

बरं, बरं, सांगते. हे शेवटचं मी मनचं घातलं. बाकी सगळं खरं. शिंक खरी, बटण खरा, कॅलेंडर खरं, कडूकाकांचा चष्मा खरा. पण दारात जावईबापू असं काही बोलले नाहीत. ते म्हणाले, "आई, टेबलावर तुम्ही ग्लास मुठीत धरला होतात. मी बघितलं," आणि जिना चढून वर गेले.

पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्यासमोर एक ग्लास ठेवला. गव्हाची होती, दोन बोटं फेस. शिकवणी नाही, काही नाही. समोर बसले आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "कशी आहे?"

मी हुंगलं. त्यांच्याकडे बघितलं. आणि शिंकले.

एवढा मोठा मुख्य चाखणारा, पण असा तडक उठला नि ग्लास घेऊन नळाकडे धावला!